कंबरपट्टा न पायाळूची लाथ

मी पायाळू. म्हंजे मायच्या पोटातून जगात येताना माझे पाय पुढं न डोकं मांगं. मायले दोन दिवस तरास झाला, सुईनीनं हात टेकले, न मंग मी आली ते लाथा झाडतच आली म्हनते. आमच्या इकडं पायाळू मानसाची मोठी किंमत. कोनाच्या कमरेत चमक भरली, कोनाले वाकता येऊन नाही राहिलं, का आला तो पायाळूच्या दारात. त्यानं पालथं पडाचं न पायाळूनं डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर तीनदा हानाची. बस, एवढाच इलाज. शाळा मी दुसरीपर्यंत बी धड पाहिली नाही, पन माझ्या टाचेखालून मोठमोठे मानसं गेले. पोलीसपाटील गेला, गुरुजी गेला, एक भटजी गेला. भटजी पालथा पडला न म्हने, "बाई, जरा बेतानं." म्हनलं, "महाराज, तुमी आमच्या घरी जेवता ते बेतानं जेवता का?" न हानली.

आमगावच्या रोडवर एक राइस मिल आहे. तिथं मी चाळीसेक वर्सं रेजा म्हनून काम केलं, म्हंजे बाई-मजूर. पहिले डोक्यावर धानाचे टोपले वाहिले, मंग पोत्याचे तोंडं शिवले, न आता म्हातारपनी खाली सांडलेला तांदूळ झाडतो न फाटके कट्टे, म्हंजे लहान पोते, शिवतो. माझा एकुलता पोरगा त्याच मिलमध्ये हमाल आहे. दोन लेकरांचा बाप आहे, पन मिलमध्ये मी दिसली का अजून बी तंबाखू लपवते.

पोराचा बाप बी हमालच होता. त्याच्या टायमाले क्विंटलचा बोरा राहे, आताच्यासारखे पन्नास किलोचे कट्टे नव्हते. एका दिवशी बोरा पाठीवर घेऊन फळीवरून उतरता उतरता त्याच्या कमरेत कट् करून वाजलं. त्यानं बोरा टाकला नाही. खाली आनला, थप्पीवर ठेवला, न मंग बसला. मंग काही उठला नाही. आता मी घरचीच पायाळू. मी त्याले तीनदा हानली. दुसऱ्या दिवशी तीनदा हानली. आठ दिवस रोज हानली. तो पालथा पडून म्हने, "हान, हान. लग्नापासून तुझ्या मनात होतं, आता फेडून घे." पाय बधिर झाले ते झालेच. अकरा वर्सं त्यानं बाजेवर काढले न गेला. मले रडाले सवड नव्हती. मिलचा भोंगा सकाळी आठाले वाजे.

पन त्या अकरा वर्सांत मले एक गोष्ट समजली, ते मी कोनाले सांगली नाही. बाकीचे लोक माझ्या लाथेनं बरे होत होते न माझ्या घरचा काऊन नाही झाला? मी इचार केला, त पोलीसपाटील लाथ घेऊन घरी जाऊन पडला होता. गुरुजीनं सुट्टी टाकली होती. भटजीले त तसं बी काही उचलाचं नव्हतं. न माझ्या घरच्यानं कट् वाजल्यावर बी बोरा खाली आनला होता. तेव्हापासून मी माझ्या मनानं एक नियम जोडून देला. लाथ घेतल्यावर पाच दिवस ओझं उचलाचं नाही. उचललं त गुन उलटते न चमक मानेत चढते. हे मानेचं सगळं माझ्याच मनचं. पन मानेचं नाव काढलं का मोठे मोठे हमाल गुमान घरी जाऊन पडत. हमालाईचा मुकद्दम बी सुट्टी देत होता, काऊन का त्याले बी मान होती. असे वर्सं गेले. लोक बरे होऊन येत न म्हनत, बुढीच्या टाचेत देव आहे. मी म्हनत होती, असू दे, देवाले बी कुठंतरी राहाले जागा पाहिजे.

आता पट्ट्याचं सांगतो.

दोनेक वर्सं झाले असतीन. हिवाळ्यात, नवीन धान मिलमध्ये येऊन राहिला होता न ट्रकावर ट्रक लागून राहिले होते. मिलचे शेठजी एका दिवशी खोका घेऊन आले. खोक्यातून निघाले काळे काळे रुंद पट्टे. कमरेले गुंडाळाचे, पुढून चिकटवाचे, न खांद्यावरून दोन पट्ट्या, शाळेतल्या पोराच्या चड्डीले राहते तशा. शेठजी म्हने, "देखो भाई, बड़ी-बड़ी कंपनियों में सब यही पहनते हैं. अब कमर का झंझट खतम."

शेठजी मानूस वाईट नाही. त्याच्या मनात खरंच होतं का हमालाची कंबर वाचावं.

हमालाईले त लग्नाचा आहेर भेटल्यावानी झालं. ते पट्टे उघडताना चर्र करून आवाज काढत. जेवनाची सुट्टी झाली का सगळे एकसाथ सोडत, चर्र चर्र चर्र. वाटे का कोनी मांडवाचं कापडच फाडून राहिलं. एक उंच, किडकिडीत हमाल आहे, आमी त्याले लंबू म्हनतो. तो पट्टा घालून साल्याच्या वरातीत नाचून आला. त्याची बायको मले म्हने, "मावशी, लोकाईनं इचारलं, जावई पोलिसात लागला का?"

पोरानं मले बी घालून पाहाले लावला. "घाल माय, पाह्य कसं ताठ वाटते." घातला. ताठ त वाटलं. एवढं ताठ का खालचा झाडू उचलता येईना. म्हनलं, "अरे, चाळीस वर्सं मी लुगड्याचा पदर कमरेले असाच आवळून बांधला, न तरी तीनदा माझी कंबर गेली. हे काय येगळं करते?"

"माय, ते लुगडं आहे. हे कंपनीचं आहे."

मी तो चर्र करून सोडला न झाडू उचलला.

इथपर्यंत त गंमत होती. पन पट्टा आल्यावर दुसरंच सुरू झालं. आमच्या मिलमध्ये पहिलेपासूनची रीत, का हमालानं एकट्यानं कट्टा पाठीवर घ्याचा नाही. दोघं जनं कट्ट्याचे कान धरते, म्हंजे कोपरे, न "हो... हप्प" करून त्याच्या पाठीवर देते. तो एक कट्टा घेऊन जाते. पट्टे आले न कान धरनारे गेले. जो तो आपल्या हातानं खालून कट्टा उचले, न एक नाही, एकावर एक दोन. शेठजीनं सांगलं नव्हतं. मुकद्दमानं बी सांगलं नव्हतं. हे सगळं यांच्याच डोक्यातून निघालं. मी पोराले इचारलं, "दोन दोन कायले नेऊन राहिला?"

"ट्रक लवकर भरते माय. चारालेच घरी जातो."

"न कंबर?"

त्यानं पट्ट्यावर थाप मारली. "हे काय आहे मंग?"

मी मनात हिशोब केला. पन्नास न पन्नास. त्याच्या बापाचा बोरा परत आला होता, फक्त दोन तुकड्यात. त्या दिवसापासून मले जेवन गोड लागेना. मी काही देवभोळी बाई नाही, रडनारी बी नाही. पन एका बाजेवर मी अकरा वर्सं भात भरवला होता. दुसरी बाज टाकाची माझ्यात ताकद नव्हती न सुनेच्या नशिबात ते यावं असं बी वाटत नव्हतं.

पंधरा दिवस झाले असतीन. दुपारी जेवनाच्या सुट्टीत मी मिलच्या मांगं, जिथं धानाच्या भुशाचा ढीग राहते, तिथं सावलीत बसली होती. त मुकद्दम आला. इकडं पाहे, तिकडं पाहे. पोराच्या बापाचा दोस्त होता तो, मले वयनी म्हनते.

"वयनी, जरा एक लाथ दे न."

"काऊन? तुमच्याजवळ त पट्टा आहे."

"हळू बोल. पट्टा आहे म्हनून त कोनाले सांगता येऊन नाही राहिलं. मीच सगळ्याईले म्हनलं होतं, आता बुढीच्या लाथेची गरज नाही."

"असं म्हनलं का?"

"चुकलो. हान आता."

पट्टा घालूनच पालथा पडला. म्हनलं, चर्र करा पहिले. हानली तीनदा. "पाच दिवस उचलाचं नाही." तो म्हने, "कसं करू वयनी? सुट्टी घेतली त सगळ्याईले समजन." न गेला दोन दोन कट्टे उचलाले. जाताना माझ्याकडून वचन घेऊन गेला, कोनाले सांगशीन नको.

दोन दिवसानं लंबू आला. तसाच इकडं पाहत, तिकडं पाहत. म्हने, "मावशी, वरातीत नाचलो न, त्याच्यानं असन." म्हनलं, "हो, वरातीतच असन. पन्नास न पन्नास किलोचा नवरदेव उचलला असशीन." त्याले बी हानली. त्यानं बी वचन घेतलं. मंग छत्तीसगडचा एक हमाल आहे, जाडजूड, हसमुख, तो आला. "अम्मा, किसी को बोलना मत. जरा जोर से मारना." त्याले त मले पाय दुखेपर्यंत हाना लागते, एवढी त्याची पाठ रुंद.

आता पाहा गंमत. तिघाईले बी कमरेत चमक. तिघं बी पट्टेवाले. तिघं बी एकमेकाले सांगत, "पट्टा एक नंबर आहे, काही दुखत नाही." न कोनी पाच दिवस घरी बसत नाही, काऊन का बसला त बिंग फुटते. म्हनून चमक काही जाईना. मुकद्दम आठ दिवसात तिसऱ्यांदा आला न मलेच म्हने, "वयनी, तुझी टाच म्हातारी झाली वाटते. पहिलेसारखा गुन नाही राहिला."

मले असा राग आला! चाळीस वर्सं देव राहत होता त्या टाचेत, न आता टाच म्हातारी झाली. पन वचन देलं होतं. तोंड दाबून बसली.

मंग एका सकाळी घरी मी पोराले चप्पल घालताना पाहिलं. तो वाकला नाही. एका हातानं भिंत धरली, पायानंच चप्पल सरकवली, न पाय आत टाकला. बाजेवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यावर. मी हे पाहून ओळखतो, माझ्या घरात मी हे पहिले पाहिलं आहे.

"कंबर दुखते का रे?"

"नाही माय. कोनालेच नाही दुखत. पट्टा आहे न."

कोनालेच नाही दुखत. हे वाक्य मले भाल्यासारखं लागलं. काऊन का ते खोटं आहे हे मिलमध्ये एकटी मीच जानत होती, न त्या खोट्याले मीच झाकून ठेवलं होतं. पोरगा बाकीच्याईकडं पाहून वाटून घेऊन राहिला का आपलीच कंबर कच्ची आहे, म्हनून दात दाबून उचलून राहिला. कोन सांगे, बाकीचे बी त्याच्याकडं पाहूनच उचलत असतीन.

वचन मोडाचं नव्हतं. मी सांगाचं नाही म्हनलं होतं, पन एकमेकाले दिसू द्याचं नाही असं त म्हनलं नव्हतं.

मुकद्दमाले म्हनलं, "मंगळवारी जेवनाच्या सुट्टीत भुशामांगं या. मंगळवारच्या लाथेले गुन जास्त." लंबूले हेच सांगलं. छत्तीसगडच्याले बी. न पोराले म्हनलं, "मंगळवारी माझा भाताचा डब्बा भुशामांगं आनून दे, मले चालून नाही होत."

मंगळवारी मी जाऊन बसली. वर बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान घरघर करून चकरा मारून राहिलं होतं. पहिले आला मुकद्दम. आला, पट्टा सोडला, चर्र, न पालथा पडला. मी म्हनलं, "पडून राहा, आधी मंतर म्हनतो." मले कोनता मंतर येते? मी मनातल्या मनात बाजारातून आनाच्या भाज्या म्हनत बसली. तेवढ्यात ढिगाच्या त्या बाजूनं लंबू आला. मुकद्दमाले पाहून तो थांबला, पन मांगून छत्तीसगडचा आला न त्याले धडकला. लंबू "आई गं" म्हनून कंबर धरून उभा राहिला. मुकद्दमानं मान वर केली.

"तू काऊन आला रे इथं?"

"मी... लघवीले आलो."

"पट्टा हातात घेऊन?"

छत्तीसगडचा हसाले लागला. त्याले हसता बी येईना, हसला का कंबर दुखे. "अरे बाप रे... अम्मा... हसाओ मत..." न पट्टा सोडून तो भुशावरच बसला. लंबूनं बी हातातला पट्टा खाली टाकला. तेवढ्यात डब्बा घेऊन माझा पोरगा आला. त्यानं पाहिलं, मुकद्दम पालथा, लंबू कमरेले हात लावून, तिसरा भुशात, न तीन पट्टे जमिनीवर, मेलेल्या धामनीसारखे.

"माय, हे काय होऊन राहिलं?"

मी काही बोलली नाही. वचन होतं. मुकद्दमच बोलला, पालथ्या पालथ्याच. "काय होईन? तुझ्या मायच्या लाथेची लाइन लागली आहे."

पोरगा एकेकाच्या तोंडाकडं पाहे. "तुमाले दुखते? तुमी त म्हनत होते—"

"तू बी त म्हनत होता," लंबू म्हने.

पोरानं डब्बा खाली ठेवला. ठेवताना तो गुडघ्यातून बसला न "स्स" केलं. सगळ्याईनं पाहिलं. आता त्याले बी लपवाले जागा नव्हती. मंग त्यानं मले सरळ इचारलं, सगळ्याईच्या समोर. "माय, खरं सांग. तुझ्या लाथेनं बरं होते का?"

मले वाटलं का आता भुशात खड्डा करून जावं. हो म्हनलं असतं त चारी जनं लाथ खाऊन परत दोन दोन कट्टे उचलाले गेले असते. नाही म्हनलं त चाळीस वर्साचा मान गेला. गावात माझ्याजवळ दुसरं होतं काय? शेत नाही, शिक्षन नाही, एक टाच होती.

"नाही," म्हनलं. "लाथेनं काही होत नाही. लाथेनं होत असतं त तुझा बाप उठला असता. पाच दिवस उचलत नाही न, त्याच्यानं होते."

मुकद्दम उठून बसला. "न मानेचं, वयनी?"

"मानेचं मी बनवलं."

"म्हंजे मी बावीस वर्सं मानेले भेत राहिलो!"

"म्हनून मान शाबूत आहे."

पोरगा म्हने, "मंग पट्टा?"

"पट्टा पोटाले आवळते. बरं वाटत असन, नाही म्हनत नाही. पन माझी लाथ मानसाले म्हनते घरी जा, न तुझा पट्टा म्हनते अजून एक घे. कट्टा त तेवढाच जड आहे न रे. त्याले काय माहीत तुमी आत काय घातलं."

विमान एक चक्कर मारून गेलं. मंग छत्तीसगडचा हळूच पालथा पडला. म्हने, "अम्मा, मालूम है कुछ नहीं होता. फिर भी मार दे. आदत हो गई है."

न मी हानली. त्याच्या बाजूले मुकद्दम पडला, मंग लंबू. सगळ्यात शेवटी माझा पोरगा. त्यानं पट्टा सोडला, चर्र, न तोंड भुशाकडं करून पडला. त्याच्या कमरेवर टाच ठेवली. हानली नाही मी. नुसती ठेवली. मुकद्दम म्हने, "वा, पोराले हलकी!" म्हनलं, "तुमाले हलकी पाहिजे होती त माझ्या पोटी याचं होतं."

त्याच दुपारी मुकद्दम शेठजीजवळ गेला. चार हमाल पाच दिवस येनार नाही म्हनला, न आल्यावर एका खेपेले एकच कट्टा, न कान धराले दोन मानसं. शेठजी म्हने, "अरे, फिर बेल्ट किसलिए दिए?" मुकद्दम म्हने, "सेठ, बेल्ट अच्छा है, थंडी में पेट गरम रहता है." शेठजी चिडले, थोडे बडबडले. पन ट्रक उभे होते न चारी जनं वाकडे चालून राहिले होते, ते त्याईले बी दिसत होतं. दुसऱ्या मिलमधून पाच दिवसासाठी मानसं बोलावले. रीत परत पहिलेसारखी झाली. पट्टा ज्याले घालाचा तो घालते. लंबू अजून घालते. त्याले ते शोभते.

माझ्या पोरानं पाच दिवस घरात काढले, न आमाले जेरीस आनलं. चहा दे, उशी दे, पोराईले बाहेर हाकल. तिसऱ्या दिवशी सून म्हने, "माय, यापेक्षा याईले मिलमध्ये पाठवा, मी कट्टे उचलतो." म्हनलं, "अजून दोन दिवस धर."

चौथ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निसत बसली होती. तो बाजेवर, कुशीवर पडून माझ्याकडं पाहत होता.

"माय, बाबाले तेव्हा कोनी पाच दिवस देले असते त ते उठले असते का?"

"माहीत नाही."

"तुले काय वाटते?"

"मले वाटते, त्यानं बोरा टाकून द्याले पाहिजे होता. फळीवरच. शेठचा तांदूळ नालीत गेला असता. जाऊ द्याचा."

तो सावकाश उठून बसला, हात गुडघ्याले न लावता. मी पाहून बी न पाहिल्यासारखं केलं. एक खडा निघाला, तो फेकला.

"उद्या गेलो त चालन?" म्हने.

"परवा," म्हनलं.